दोन शॉटांच्या मधली वेळ

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला तापव्या. ही नावं कुणी ठेवली ते विचारायला गेलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी, पण ती इतकी चपखल बसली होती की खरी नावं फक्त पगाराच्या कागदावर उरली होती. तापव्याचं काम प्लाझ्मा तापवायचं आणि मोजणीबाईचं काम तो किती तापला ते मोजायचं. दोघांचं लग्न ठरलं तेव्हा सहकाऱ्यांनी थट्टेची हौस फेडून घेतली होती, की आता घरातलं भांडणसुद्धा हा तापवणार आणि ही मोजणार. थट्टा अगदीच खोटी नव्हती. भांडण विझल्यावर कोण किती चढ्या आवाजात बोललं होतं हे ती खरोखरच नेमकं सांगत असे.

प्लाझ्मा म्हणजे काय हे तिनं एकदा सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. वायू इतका तापवायचा की त्याच्या अणूंचे तुकडे तुकडे होऊन ते सैरावैरा धावत सुटतात. तो कुठल्याही भिंतीला टेकला की भिंतही खराब होते आणि तोही गार पडतो. म्हणून मोटारीच्या ट्यूबसारखं एक पोकळ पोलादी कडं करायचं, त्याभोवती चुंबक बसवायचे आणि चुंबकांच्या जोरावर त्याला आत अधांतरी धरून ठेवायचं. पुरेसा तापला आणि पुरेसा वेळ टिकला तर एक दिवस त्यातून सूर्यासारखी ऊर्जा मिळेल, यासाठी हा सगळा खटाटोप. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांची उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडून देण्यात गेली होती, त्यामुळे ऐकून घेण्याची सवय होती.

"म्हणजे तापट माणूस आहे," त्या म्हणाल्या. "कुठं टेकू द्यायचा नाही आणि हातचा सोडायचाही नाही. तुझे सासरे असेच होते."

तर हा तापट माणूस एका वेळी जेमतेम दोनतीन सेकंद आत राही. त्याला शॉट म्हणत. भोंगा वाजे, आकडे उलटे मोजले जात, जमिनीतून एक हुंकार आल्यासारखं होई, पडद्यावर गुलाबी उजेड भरे आणि संपे. मग चुंबकांची वेटोळी गार व्हायला पाव तास लागे आणि पुन्हा भोंगा. सबंध दिवस असा. नवख्या माणसाला वाटे की खरं काम त्या दोनतीन सेकंदांत होतं, पण खरं काम मधल्या पाव तासात चाले. जो तो आपापल्या पडद्यावरच्या रेघांवर वाकलेला असे, पुढच्या शॉटला काय बदलायचं यावर हुज्जत घालत असे, आणि चहाचे कप तिथंच कुठंतरी गार होत पडत.

मोजणीबाईचा संसारही गेली काही वर्षं त्याच पाव तासात होत होता.

तापव्या दोन वर्षांसाठी म्हणून परदेशी गेला होता, तिथल्या मोठ्या यंत्रावर. दोनाची चार झाली, चाराची सहा, आणि मधेच इथली त्याची जागा गेली. इथल्या यंत्रातला प्लाझ्मा तापवणारा मायक्रोवेव्हचा स्रोत त्यानंच जाण्यापूर्वी उभा केला होता. तो म्हणजे माणसाच्या उंचीचं एक नळकांडं, त्याचे लाड लहान मुलासारखे करावे लागत, आणि ते लाड त्याच्याशिवाय कुणाला नीट जमत नसत. म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी तो तिथून लाइनवर असे. लहरी आत नेमक्या कुठं जाव्यात ते ठरवणारा एक आरसा होता, तो किती कलवायचा हे तो सांगे. शॉट चालू असताना त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा असे. शॉट संपला की मोजणीबाई एक बटण दाबून त्याला आपल्या एकटीच्या कानात घेई. सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे. तेवढी माणुसकी थट्टेखोर लोकांतही असते.

कानात घेऊन ती विचारे, जेवलास का? तो म्हणे, हो. मग म्हणे, आरसा अर्धा अंश खाली घ्यायचा का? ती सांगे की आईंचा गुडघा पुन्हा दुखतोय, तो विचारे की डॉक्टर काय म्हणाले, आणि मग पुन्हा आरसा. आठवण येते असं तो म्हणत नसे. तो पहिल्यापासून असाच होता. लग्नाला होकारसुद्धा त्यानं "चालेल" या शब्दात दिला होता. पण जवळ असताना माणसाचा कोरडेपणा चालून जातो. तो समोर बसून गप्प राहिला तरी त्याच्या चपलांचा आवाज असतो, तो उघडी ठेवतो ती कपाटं असतात, अंघोळीनंतर ओला ठेवलेला टॉवेल असतो. लाइनवर नुसते शब्दच येतात, आणि शब्दच तर त्याच्याकडे नव्हते.

ये, असं तिनंही त्याला कधी म्हटलं नव्हतं. ये म्हटलं तर तो येईल आणि पुढं जन्मभर एका लहानशा, म्हाताऱ्या यंत्राकडे बघत उसासे टाकेल, ही एक भीती. ये म्हटलं आणि तो आलाच नाही तर, ही त्याहून मोठी. तेव्हा तिनं तो विषय झाकून ठेवला होता. सासूबाई मात्र झाकापाक करणाऱ्यांतल्या नव्हत्या. जन्मभर लोकांना लोकांशी जोडून दिलं आणि माझाच पोरगा लाइनवर मिळत नाही, असं त्या भाजी निवडता निवडता म्हणत आणि सुनेकडे तिरक्या नजरेनं बघत. त्याची आपल्या दोघींची सवय मोडली, असंही एकदा म्हणाल्या. ते मोजणीबाईला फार लागलं, कारण तिला तेच वाटत होतं.

या वर्षी मात्र एक दार किलकिलं झालं. संचालकांनी जाहीर केलं, की प्रयोगांच्या या मोसमात यंत्रानं पाच कोटी अंशांची पायरी ओलांडली तर मायक्रोवेव्हचा दुसरा, जास्त ताकदीचा स्रोत मिळेल आणि तो सांभाळायला एक कायमची जागा निघेल. ती जागा कुणाची हे सांगायची गरजच नव्हती. जुना स्रोत ज्यानं उभा केला, नवाही त्यानंच उभा करायचा. नेमकं त्याच सुमाराला तिकडच्या लोकांनी तापव्याला कायम करायचं ठरवलं आणि महिनाअखेरपर्यंत सही मागितली. तिनं त्याला कानात घेऊन विचारलं, की काय करणार आहेस. तो म्हणाला, "बघू, आकडा काय येतो." तिनं आणखी काही विचारलं नाही. आपला नवरा घरी येणार की नाही हे एका थर्मामीटरवर ठरावं आणि तो थर्मामीटर आपल्याच हातात असावा, ही काय पाळी, असं तिला त्या दिवशी घरी जाताना वाटत राहिलं.

खरं तर थर्मामीटर दोन होते. एकाला सगळे कान म्हणत. प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन चुंबकांच्या जोरामुळे गरगरताना आपणहून लहरी सोडतात. त्या किती जोरात येतात ते ऐकून तापमान सांगायचं. दुसरा डोळा, तो मोजणीबाईचा. ती लेसरचा झोत प्लाझ्मात सोडे आणि इलेक्ट्रॉनांवर आपटून जो उजेड विखुरतो तो एका काचेच्या खिडकीतून गोळा करी. इलेक्ट्रॉन जितके तापलेले, तितका तो उजेड निळ्याकडे झुके. कान सोपा आणि सतत ऐकणारा, पण भोळा. वर्गात चार टारगट मुलं ओरडली की मुख्याध्यापकांना बाहेरून वाटतं, सगळा वर्ग ओरडतोय, तसंच त्याचं. मायक्रोवेव्हनं मूठभर इलेक्ट्रॉन फाजील पळायला लागले की कान सगळ्या प्लाझ्माचं तापमान फुगवून सांगे. डोळा प्रत्येकाला बघे. म्हणून वाद झाला की शेवटचा शब्द डोळ्याचा, असा तिथला रिवाज होता.

मोसम सुरू झाला आणि स्रोतानं लाड पुरवून घेतल्यावर पूर्ण ताकद दिली. कानानं सांगितलं, पाच कोटी वीस लाख. डोळ्यानं सांगितलं, चार कोटी तीस. आरसा वर केला, खाली केला, वायू कमी केला, जास्त केला, फरक तेवढाच. प्रयोगाचे प्रमुख होते त्यांना सगळे मुकादम म्हणत, कारण ते कधी बसत नसत आणि कुणाला बसू देत नसत. मुकादम तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, की तुझी काच मळली असेल, बघ जरा.

हे उगाच नव्हतं. यंत्राच्या आतल्या भिंतींना अधूनमधून बोरॉनचा पातळ लेप देत आणि त्यातला थोडा तिच्या खिडकीवर बसे. लेप निळा उजेड जास्त खाई. निळा कमी पोचला की तापमान खोटंच कमी दिसे. काच किती मळली हे तिनं मोसमाआधी यंत्र उघडलं होतं तेव्हा दिवा लावून स्वतः मोजलं होतं आणि त्यावरून एक दुरुस्तीचा गुणक काढला होता. तो आता तिनं लावला. चार कोटी तीसचे पाच कोटी दहा झाले.

नियंत्रण कक्षात टाळ्या पडल्या. मुकादम त्या दिवशी चक्क खुर्चीत बसले. कान सांभाळणाऱ्यानं उठून तिच्याशी हात मिळवला, म्हणाला, बरं झालं, माझ्या कानाला नीट ऐकू येतंय म्हणायचं. लाइनवर तापव्या होता. त्याला आकडा सांगितला गेला, रेघा त्याच्याही पडद्यावर गेल्याच होत्या. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. लाइन तुटली की काय म्हणून मुकादमांनी हाक मारली, तेव्हा तो "छान" म्हणाला. ती त्याला कानात घ्यायला गेली तर तो म्हणाला, की त्याला एक बैठक आहे, नंतर बोलू. एवढी वाट बघून एवढंच, असं तिच्या मनात आलं आणि रडू फुटायच्या बेतात आलं. पण चारचौघांत रडायची सोय नव्हती आणि सगळे तिच्याकडेच पेढ्याच्या डब्याकडे बघावं तसं बघत होते.

घरी सासूबाईंनी बातमी ऐकली आणि गुडघा विसरून उठल्या. मुलाच्या खोलीतलं कपाट उघडलं, वरच्या खणातल्या जुन्या रजया काढून दिवाणाखाली घातल्या, खण ओल्या फडक्यानं पुसला आणि उघडाच ठेवला, वास जावा म्हणून. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं मोजणीबाई हसून म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, की तुरी येईपर्यंत चूल तरी सारवून ठेवावी. मग त्यांनी त्याला फोन लावला आणि खण रिकामा केल्याचं इतक्या तपशिलानं सांगितलं की जणू काही बंगला बांधला होता. तो काय म्हणाला ते मोजणीबाईनं विचारलं. हं म्हणाला, सासूबाई म्हणाल्या, पण हं जरा लांब होतं.

त्यानंतरचे काही दिवस ती हवेत होती. रस्त्यानं जाताना दुकानाच्या काचेत आपला चेहरा बघून ओशाळली, इतकी ती एकटीच हसत होती. पुरुषांचे शर्ट लावलेल्या एका दुकानापुढं थांबली आणि त्याचं माप बदललं असेल का या विचारात उभी राहिली. सहा वर्षांत पोट सुटलं असेल. आपणही कुठं तशाच राहिलोय, असं मनाशी म्हणाली.

मग संचालकांना द्यायच्या अहवालासाठी आकृती काढायची वेळ आली. एरवी ही आकृती मायक्रोवेव्ह सुरू झाल्या क्षणापासून काढत, कारण सगळ्यांना तेवढंच बघायचं असे. पण संचालक या विषयातले नव्हते. त्यांना आधी गार, मग गरम असं दिसलं तर बरं, म्हणून तिनं आकृती डावीकडे लांबवली. पडद्यावर शॉटचा पहिला भाग आला, मायक्रोवेव्ह सुरू व्हायच्या आधीचा.

त्या भागात कुणीच फाजील पळत नसतं. टारगट मुलं अजून वर्गात आलेलीच नसतात. तिथं कान आणि डोळा यांनी एकच आकडा सांगायला हवा, आणि आजवर नेहमी सांगितला होता, सुमारे एक कोटी. आता कान एक कोटी म्हणत होता आणि तिचा डोळा एक कोटी वीस लाख. तिनं मूळ आकडेमोड उघडून एकेक ओळ तपासली.

दुरुस्ती आधीच लावलेली होती. या मोसमात तिनंच तो गुणक मूळ आकडेमोडीत घालून टाकला होता, दर वेळी हातानं लावायला नको म्हणून. मुकादम काच मळल्याचं म्हणाले, तिनं गुणक उचलला आणि त्याच काचेची धूळ दुसऱ्यांदा पुसली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं दोन मिनिटांत पकडलं असतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. तिला भर दुपारी, उघड्या डोळ्यांनी दिसलं होतं. तिनं दुसरा गुणक काढला. डावीकडच्या दोन रेघा एकमेकींवर अशा बसल्या की एकच वाटावी. उजवीकडे कान वर निघून गेला आणि डोळा चार कोटी तीसवर राहिला. भोळ्या कानाला मूठभर टारगटांनी फसवलं होतं आणि त्या फसवणुकीला आपण साक्षीदार मिळवून दिला.

तिनं दार लावून घेतलं. आकृती पुन्हा पहिल्यासारखी कापली तर कुणालाही काही दिसणार नव्हतं. मुकादमांना हवी होती ती आकृती तीच. दुसरा स्रोत आला की पाच कोटी खरोखरच ओलांडले गेले असते, म्हणजे आजचं खोटं उद्या आपोआप खरं झालं असतं, आणि तोवर तो घरी असता. हा हिशेब तिनं अगदी थंडपणे केला. त्यात चूक एकही नव्हती, हेच वाईट होतं. संध्याकाळपर्यंत ती आकृती कापलेली आणि न कापलेली अशी आलटून पालटून बघत बसली. घरी गेली तर खण अजून उघडाच होता आणि सासूबाईंनी त्यात पांढरा कागद अंथरावा तशी जुनी, धुतलेली चादर घालून ठेवली होती. तिनं काही सांगितलं नाही. डोकं दुखतंय म्हणून लवकर झोपायला गेली आणि कूस बदलत राहिली. तिला एवढंच कळत होतं, की खोट्या आकड्यावर आलेल्या माणसाच्या चपलांचा आवाज आपल्याला रोज खोटाच ऐकू येईल.

सकाळी तिनं मुकादमांना सांगितलं. सगळं, सरळ, आकृती पुढं ठेवून. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा घातला. वर आधीच सांगून ठेवलंय, असं म्हणाले, आणि मग थोड्या वेळानं म्हणाले, की ते मी निस्तरतो. रागावतील असं तिला वाटलं होतं, पण ते एकदम म्हातारे दिसायला लागले. दुसरा स्रोत त्यांनाही हवाच होता.

"त्याला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"आधी त्याला सांग. पहिल्या शॉटनंतर घे कानात. मी तेवढा वेळ वाढवून देतो, वेटोळं गरम आहे म्हणून."

पहिला शॉट झाला. तिनं बटण दाबलं. आज तिनं जेवलास का म्हणून विचारलं नाही.

"ऐक," ती म्हणाली. "तो आकडा चुकलाय. काचेची दुरुस्ती माझ्याकडून दोनदा लागली. खरा आकडा चार कोटी तीस. मुकादमांना सांगून आले आत्ताच."

मग तो म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"त्याच दिवशी दिसलं होतं. मायक्रोवेव्ह सुरू व्हायच्या आधी तुझी रेघ वर होती."

अर्थातच दिसलं असणार. तापवणारा माणूस आधी गार भागच बघतो, त्याला सुरुवात कुठून झाली ते हवं असतं. आणि हा तो माणूस होता ज्यानं एकदा भर सभेत पाहुण्या प्राध्यापकांना थांबवून त्यांच्या आकृतीतली रेघ वाकडी असल्याचं सांगितलं होतं, स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेतली वेळ पाच मिनिटांनी चुकली म्हणून सगळ्या पत्रिका हातानं दुरुस्त केल्या होत्या. चूक दिसली आणि तो गप्प बसला, असं तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर त्याच दिवशी सगळं संपलं असतं," तो म्हणाला. तो फार हळू बोलत होता, एकेक शब्द तपासून ठेवल्यासारखा. "तू शोधणार हे ठाऊक होतं. तुला शोधायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ मी घरी येणार होतो ना. तेवढे दिवस मला हवे होते."

सहा वर्षं ती या माणसाच्या तोंडून एक शब्द निघायची वाट बघत होती, आणि त्यानं जे दिलं होतं ते हे होतं, एक न बोललेली चूक. समोरच्या पडद्यावरच्या रेघा पाण्यात बुडाल्यासारख्या हलायला लागल्या. कान सांभाळणारा शेजारीच होता. तो उठून उगाच दुसऱ्या टोकाला चहा आणायला गेला.

"आता सही करून टाक," तिनं कसंबसं म्हटलं. "मुदत आहे ना अजून?"

"काल संपली."

"म्हणजे केलीस ना?"

"नाही केली."

"वेड लागलंय का तुला? आकडा खोटा आहे हे ठाऊक असताना?"

"कागद रोज पुढं घ्यायचो," तो म्हणाला. "आईनं फोनवर सांगितलं, खण रिकामा केला, पुसला, उघडा ठेवलाय. मग कायमचा इथं राहतो म्हणून सही करायची, ते काही हाताला जमेना. उद्या करू, उद्या करू म्हणता म्हणता गेली मुदत."

त्याच्यासाठी इथं काहीही नाही, हे तिनं त्याला सांगितलं. दुसरा स्रोत येणार नाही. पहिला आणखी किती तग धरेल कुणास ठाऊक, आणि तो गेला की तापवायला यंत्रही उरणार नाही. हे सगळं त्याला तिच्याहून चांगलं ठाऊक होतं. कुठंतरी शिकवेन, तो म्हणाला. तू आणि शिकवणार, ती म्हणाली, पहिल्याच दिवशी मुलं पळून जातील. बघू, तो म्हणाला. तिला हसू आलं.

मग तिनं तो शब्द उच्चारला, जो इतकी वर्षं झाकून ठेवला होता.

"ये," ती म्हणाली. "काही नसलं तरी ये."

"येतोच आहे," तो म्हणाला.

भोंगा वाजला. मुकादमांनी वाढवलेला वेळसुद्धा संपला होता. तिनं डोळे पुसले आणि लेसरचं झाकण उघडायची आज्ञा दिली. त्याला पुन्हा सगळ्यांच्या लाइनवर टाकायला तिचा हात बटणाकडे गेला, तेवढ्यात तो म्हणाला, "आज अजून किती शॉट आहेत?"

"हा धरून तीन."

"मला कानातच ठेवशील? आरशाचं त्यांना लिहून पाठवलंय, माझं काही काम नाही. बोलणारही नाही मी. नुसतं ऐकतो."

तिनं हात मागे घेतला. आकडे उलटे सुरू झाले. जमिनीतून हुंकार आला, मग त्याच्या स्रोताचा बारीक, चढत जाणारा सूर लागला, आणि तिकडे त्यानं श्वास रोखला तो तिला स्पष्ट ऐकू आला. गुलाबी उजेड भरला, संपला. सूर थांबला तरी त्याचा श्वास सुटेना. या तऱ्हेनं श्वास धरून बसणं तिच्या चांगलं ओळखीचं होतं, सहा वर्षं ती तशीच बसली होती. तो अजून निघालाही नव्हता आणि त्याला हातून सुटणाऱ्या यंत्राची आठवण यायला लागली होती.